मँचेस्टरचा बखरकार

वर्तमानपत्राचे आयुष्य एका दिवसाचे असते. सकाळी ज्याच्यासाठी घरात ओढाताण चालते, तोच कागद संध्याकाळी वाण्याच्या दुकानी पुडी बांधण्याच्या कामी येतो. त्यातही खेळांच्या बातम्यांचे आयुष्य याहून तोकडे. सामना कोणी जिंकला हे कळले, कोणी किती धावा काढल्या हे पाहून झाले, की त्या मजकुराकडे पुन्हा वळण्याचे कारण उरत नाही. असे असता, १९१९ ते १९३९ या काळात इंग्लंडमधील एका प्रांतिक शहराच्या दैनिकात आलेली क्रिकेटची वर्णने पुस्तकरूपाने निघावी, ज्यांनी ते सामने पाहिले नाहीत त्यांनीही ती आवडीने वाचावी, आणि ते खेळणारे सारे खेळाडू इहलोक सोडून गेल्यावरही ते वाचन चालू राहावे, हे नवलच म्हटले पाहिजे. ते दैनिक म्हणजे 'मँचेस्टर गार्डियन' आणि ती वर्णने लिहिणारा लेखक म्हणजे नेव्हिल कार्डस.

मँचेस्टर म्हटले की आपल्याकडे प्रथम कापड आठवते. स्वदेशीच्या चळवळीत ज्या विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या, त्यात मँचेस्टरच्या गिरण्यांचा माल मोठा होता. परंतु क्रिकेटची आवड असणाऱ्या श्रोत्यांना या शहराचे आणखी एक नाव परिचयाचे असेल, ते म्हणजे तेथील ओल्ड ट्रॅफर्डचे मैदान. पुढे नवानगरचे जामसाहेब झालेले रणजितसिंहजी आपला पहिला कसोटी सामना १८९६ साली याच मैदानावर खेळले, आणि त्यात त्यांनी ६२ व नाबाद १५४ धावा काढल्या. १९३६ च्या जुलै महिन्यात याच मैदानावर मुंबईचे विजय मर्चंट आणि इंदूरचे मुश्ताक अली यांनी हिंदुस्थानच्या दुसऱ्या डावाची सुरुवात करून पहिल्या जोडीसाठी २०३ धावांची भर घातली. मर्चंटांच्या ११४ आणि मुश्ताक अलींच्या ११२ धावा झाल्या, आणि पराभवाच्या छायेतला सामना अनिर्णित राहिला. या मैदानाचे जे ऊन, जो पाऊस आणि जी माणसे, त्यांचा लेखक कार्डस हा होता. जगभर प्रसिद्धी मिळूनही तो अखेरपर्यंत मँचेस्टरचाच राहिला.

त्याचा जन्म १८८८ साली मँचेस्टरच्या रशोम या भागात झाला. तो स्वतः मात्र आपले जन्मवर्ष १८८९ असे सांगत असे. आईचे नाव एडा. बाप कोण, याचा निश्चित उल्लेख त्याच्या आयुष्यात कोठेच नाही. आजोबा पोलिसांतून निवृत्त झालेले. घरातील बायका आसपासच्या लोकांचे कपडे धुऊन, इस्त्री करून देत आणि त्यावर संसार चाले. त्या घराची अब्रू जगाच्या दृष्टीने फारशी उजळ नव्हती, हेही त्यानेच पुढे आडपडदा न ठेवता लिहिले आहे. तेराव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. त्यानंतर हातगाडीवरून माल पोहोचविणे, नाटकगृहात चॉकलेटे विकणे, सागरी विम्याच्या एका कचेरीत कारकुनी करणे, अशी मिळेल ती कामे त्याने केली.

या मुलाला शिक्षण कोणी दिले असा प्रश्न विचारला तर उत्तर एकच देता येते, ते म्हणजे त्या शहराने दिले. धुराने काळवंडलेल्या त्या गिरण्यांच्या गावात मोफत वाचनालये होती, रात्रीची व्याख्याने होती, हॅले यांचा वाद्यवृंद होता, नाटकगृहे होती आणि उन्हाळ्यात ओल्ड ट्रॅफर्डचे फाटक थोड्या पैशांत उघडत होते. कार्डसने डिकन्सच्या कादंबऱ्या वाचनालयात वाचल्या, संगीत स्वस्तातल्या जागेवरून ऐकले, आणि आर्ची मॅक्लॅरन या लँकेशायरच्या कप्तानाची फलंदाजी मैदानाच्या कडेला बसून पाहिली. त्याच्या मनात या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या कप्प्यांत राहिल्या नाहीत. मॅक्लॅरनचा टोला त्याला वाद्यवृंदाच्या गर्जनेसारखा वाटे, आणि जाडजूड गोलंदाजात त्याला डिकन्सचे पात्र दिसे. पुढे जी शैली त्याच्या नावाने ओळखली गेली, तिचा उगम हा असा आहे.

१९१२ साली श्रूजबरी येथील नामांकित शाळेत क्रिकेटच्या दुय्यम शिक्षकाची जागा त्याला मिळाली. तो बऱ्यापैकी ऑफ-ब्रेक गोलंदाजी करी. मुख्य शिक्षक होता नॉटिंगहॅमशायरचा जुना कसोटी गोलंदाज विल्यम ॲटवेल. श्रीमंतांच्या मुलांना नेटमध्ये चेंडू टाकावयाचे आणि सायंकाळी ॲटवेलसारख्या अनुभवी माणसाच्या तोंडून गतकाळच्या सामन्यांच्या गोष्टी ऐकावयाच्या, असा तेथील त्याचा क्रम होता. धंदेवाईक खेळाडू कसा बोलतो, कशावर हसतो, कोणत्या गोष्टीचा त्याला अभिमान असतो, हे त्याला येथे जवळून पाहावयास मिळाले. काही काळाने त्या शाळेचे मुख्याध्यापक ॲलिंग्टन यांनी त्याला आपला चिटणीस नेमले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा डोळ्यांच्या अधूपणामुळे सैन्यात त्याची निवड झाली नाही, आणि थोड्याच काळात श्रूजबरीचा आश्रयही संपला.

१९१७ साली तो 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये शिरला. १८२१ साली निघालेले हे पत्र तेव्हा सी. पी. स्कॉट यांच्या हाती होते. १८७२ पासून ते संपादक होते, आणि त्यांनी एका प्रांतिक पत्राला साऱ्या इंग्लंडमध्ये मानाचे स्थान मिळवून दिले होते. नाट्यसमीक्षा सी. ई. माँटेग्यू लिहीत, संगीतसमीक्षा सॅम्युएल लँगफर्ड लिहीत. भाषेच्या बाबतीत ढिलाई खपवून घ्यावयाची नाही, असा त्या कचेरीचा शिरस्ता होता. कार्डसची महत्त्वाकांक्षा संगीतावर लिहिण्याची होती. क्रिकेटवर लिहून पोट भरावे असे त्याच्या मनातही नव्हते.

१९१९ साली त्याची प्रकृती बिघडली. कचेरीतील वृत्तसंपादक क्रोझियर यांनी सुचविले की, थोडे दिवस उघड्या हवेत काढावे, ओल्ड ट्रॅफर्डवर जाऊन बसावे, आणि जमेल तसे चार शब्द लिहून पाठवावे. युद्धामुळे चार वर्षे बंद पडलेले परगण्यांचे सामने त्याच उन्हाळ्यात पुन्हा सुरू झाले होते. कित्येक ओळखीचे खेळाडू रणांगणावरून परत आले नव्हते. जे आले होते ते वयाने वाढलेले होते. लोक मैदानाकडे वळत होते ते केवळ धावा मोजण्यासाठी नव्हेत. जुने जग कोठे थोडेफार शिल्लक आहे काय हे पाहण्यासाठी ते येत होते. अशा वेळी हा आजारातून उठलेला, संगीतात मुरलेला, गरिबीत वाढलेला तरुण त्यांच्यात येऊन बसला आणि 'क्रिकेटर' या टोपणनावाने लिहू लागला. हवापालटासाठी म्हणून पत्करलेले काम पुढे वीस वर्षे चालले.

त्यापूर्वी क्रिकेटची वर्णने वाईट लिहिली जात असे म्हणता येणार नाही. अमुक वाजता खेळ सुरू झाला, अमुक धावसंख्येवर पहिला गडी बाद झाला, खेळपट्टी ओली होती, असा मजकूर नेमस्तपणे दिला जाई, आणि ज्याला माहिती हवी त्याला ती मिळे. कार्डसने या माहितीला धक्का लावला नाही. परंतु ती पुरेशी आहे हे मानण्यास तो तयार नव्हता. धावफलकाला तो गाढव म्हणत असे. त्याचे कारण असे की, धावफलक किती हे सांगतो, कसे हे सांगत नाही. एकाने भीत भीत, पाय न हलविता, नशिबाच्या जोरावर पन्नास धावा काढाव्या, आणि दुसऱ्याने प्रत्येक चेंडूला योग्य तो मान देऊन, मनगटाच्या लवचिकपणाने पन्नास काढाव्या. फलकावर दोघांच्या नावापुढे आकडा एकच लागतो. हा अन्याय दूर करणे हे लेखकाचे काम आहे, अशी त्याची धारणा होती.

या धारणेचा सर्वांत मोठा लाभ ज्यांना झाला, ते धंदेवाईक खेळाडू होते. त्या काळी इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या. हौशी खेळाडू हे सभ्य गृहस्थ, आणि पैसे घेऊन खेळणारे हे कामकरी. दोघांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या निराळ्या, पुष्कळ ठिकाणी मैदानात उतरण्याची फाटकेही निराळी. ही प्रथा अधिकृत रीतीने मोडली ती १९६२ साली. लेखक मंडळी सभ्य गृहस्थांच्या खेळात सौंदर्य शोधीत, आणि कामकऱ्यांचा खेळ भरवशाचा असे म्हणून पुढे जात. कार्डस स्वतः या कामकऱ्यांच्याही खालच्या थरातून वर आला होता. त्याने त्यांच्याकडे कादंबरीकाराच्या नजरेने पाहिले.

एमट रॉबिन्सनचेच उदाहरण घ्यावे. यॉर्कशायरचा हा अष्टपैलू खेळाडू परगण्याच्या संघात आला तोच मुळी वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, १९१९ साली. १९३१ पर्यंत तो खेळला. एकही कसोटी सामना त्याच्या वाट्याला आला नाही. परंतु ढगळ विजार सावरीत, सारे शरीर झोकून पंचांकडे दाद मागणारा, एक धाव फुकट गेली तर घरचे नुकसान झाल्याप्रमाणे हळहळणारा हा माणूस कार्डसच्या पानांतून असा उभा राहतो की, त्याला ओळखण्यास आकड्यांची गरज पडत नाही. पावसानंतर खेळपट्टी वाळत असता रॉबिन्सन आणि थोर गोलंदाज विल्फ्रेड ऱ्होड्स हे दोघे ती पाहावयास गेले, ही कार्डसची गोष्ट प्रसिद्ध आहे. ऱ्होड्सने मातीला बोट लावून भाकीत केले की, चार वाजेपर्यंत ही खेळपट्टी फिरकीला अनुकूल होईल. रॉबिन्सनने आपले बोट लावले आणि शांतपणे दुरुस्ती केली की, चार नव्हे, साडेचार. शेतकऱ्याने आभाळाकडे पाहून पेरणीचा दिवस ठरवावा तसे हे ज्ञान आहे. ते कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत, आणि धावफलकावर त्याला जागा नाही.

लँकेशायर विरुद्ध यॉर्कशायर हा सामना म्हणजे कार्डसच्या लेखणीचे खास क्षेत्र. दोन शेजारी परगणे, दोघांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर, आणि दोघांचाही निर्धार असा की जिंकता आले नाही तरी चालेल, पण हरावयाचे नाही. लँकेशायरचा हॅरी मेकपीस हा क्रिकेटप्रमाणे फुटबॉलमध्येही इंग्लंडकडून खेळलेला. या सामन्यात मधल्या सुट्टीपूर्वी चौकार मारणे त्याला जणू तत्त्वातच बसत नसे. इतर लेखकांनी ज्या खेळाला कंटाळवाणा म्हणून झटकून टाकले असते, त्यात कार्डसला दोन परगण्यांचे सारे स्वभावचित्र सापडले.

केवळ हास्य पिकविणारा लेखक म्हणून मात्र त्याला समजू नये. १९२१ साली वॉरिक आर्मस्ट्राँगचा ऑस्ट्रेलियन संघ इंग्लंडभर विजय मिळवीत फिरत होता, त्याला कोणी हरविले नव्हते. मॅक्लॅरन त्या वेळी ४९ वर्षांचा होता. आपण हौशी खेळाडूंचा संघ निवडून या ऑस्ट्रेलियनांना हरवून दाखवू, असे तो बोलत आला होता, आणि लोक त्याला हसत होते. ऑगस्टअखेर ईस्टबोर्न येथे हा सामना ठरला. कार्डसने कचेरीकडून परवानगी मिळविली, ती बहुतांशी आपल्या बाळपणच्या दैवताच्या शब्दाखातर. पहिल्या डावात मॅक्लॅरनचा संघ अवघ्या ४३ धावांत गारद झाला, ऑस्ट्रेलियाने १७४ केल्या. सामना संपल्यात जमा होता, आणि कार्डस लंडनला परतण्याच्या बेतात होता. तेवढ्यात ऑब्रे फॉक्नरच्या फलंदाजीला रंग चढू लागला आणि त्याचे पाऊल अडले. फॉक्नरने १५३ धावा काढल्या, दुसरा डाव ३२६ पर्यंत गेला, आणि ऑस्ट्रेलियाचा संघ १६७ धावांत बाद होऊन मॅक्लॅरनने २८ धावांनी सामना जिंकला. मोठ्या पत्रांचे बहुतेक प्रतिनिधी त्या दिवशी दुसरीकडे होते. मँचेस्टरच्या वाचकांना हा विजय त्यांच्या स्वतःच्या माणसाने पाहून सांगितला. येथे कल्पनेची भर घालण्याचे कारणच नव्हते, कारण घडलेली गोष्टच कल्पनेच्या पलीकडची होती.

परंतु इतर ठिकाणी त्याने भर घातली, आणि या गोष्टीचा विचार केल्यावाचून त्याचे चरित्र पुरे होत नाही.

त्याच १९२१ सालच्या जून महिन्यात कार्डसचा एडिथ किंग हिच्याशी विवाह झाला. त्या दिवसाची हकीकत त्याने अशी सांगितली आहे: सकाळी नेहमीप्रमाणे मैदानावर जाऊन मेकपीस आणि हॅलोज हे लँकेशायरचा डाव सुरू करताना त्याने पाहिले, मग गाडी करून विवाहनोंदणीच्या कचेरीत जाऊन लग्न उरकले, आणि परत येऊन पाहतो तो तेवढ्या अवधीत लँकेशायरच्या सतरा धावांची भर पडलेली. त्यांपैकी मेकपीसच्या पाच, हॅलोजच्या अकरा आणि एक लेगबाय. गोष्ट इतकी नेटकी आहे की, ती ऐकून हसू येते आणि हसता हसता मनात शंकाही येते. आयुष्याचे हिशेब इतके नीट क्वचितच जुळतात.

दुसरे उदाहरण डिक टिल्ड्सलीचे. वेस्टहॉटन गावचा हा स्थूल देहाचा फिरकी गोलंदाज. एका सामन्यात त्याने जमिनीलगत झेल घेतल्यासारखे सर्वांना दिसले. परंतु चेंडू आधी जमिनीला लागला होता असे त्याने आपण होऊन पंचांना सांगितले. पुढे कार्डसने त्याचे अभिनंदन केले, तेव्हा आपल्या गावच्या रविवारच्या धर्मशाळेतील शिकवणुकीला सारे श्रेय देऊन त्याने एका ठसकेबाज वाक्यात उत्तर दिले, असे कार्डसने लिहिले. ते वाक्य लँकेशायरभर झाले. उतारवयात मात्र कार्डसने मोकळेपणे सांगून टाकले की, ते शब्द टिल्ड्सलीचे नव्हते, आपलेच होते. त्याचे समर्थन असे की, टिल्ड्सलीच्या स्वभावात ते शब्द होते, केवळ त्याच्या जिभेवर आले नव्हते. देवाने त्याच्याकडून जे वदवावयाचे ठरविले होते, ते आपण त्याच्या तोंडी घातले.

आता योगायोग असा की, १९२१ हेच 'मँचेस्टर गार्डियन'च्या शताब्दीचे वर्ष. त्या निमित्ताने लिहिलेल्या लेखात संपादक स्कॉट यांनी वृत्तपत्राचा धर्म सांगितला: मत देण्यास प्रत्येकजण मोकळा आहे, परंतु घडलेली गोष्ट पवित्र मानली पाहिजे. जगातील पत्रकार आजही ज्या वचनाचा आधार घेतात ते वचन ज्या कचेरीतून निघाले, त्याच कचेरीतील एक लेखक खेळाडूंच्या तोंडी स्वतःची वाक्ये घालीत होता. हा विरोध सामान्य नव्हे.

मराठी वाचकाला हा प्रश्न नवा नाही, कारण बखरींच्या निमित्ताने तो येथे फार पूर्वी उपस्थित झाला आहे. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध करताना इतिहासाचार्य राजवाडे यांनी मूळ कागदपत्रांशी ताडून बखरींतील चुकांचा कठोर हिशेब मांडला. तारखा चुकतात, माणसांची अदलाबदल होते, आकडे फुगतात. राजवाड्यांचे म्हणणे खोडून काढता येणार नाही. तथापि १७६० च्या जानेवारीत बुराडीच्या घाटावर जखमी होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांच्या तोंडचे म्हणून जे उद्गार परंपरेने चालत आले आहेत, ते महाराष्ट्रातील लहान मुलालाही पाठ असतात. ते तसेच उच्चारले गेले काय, हे कोणत्याही दप्तरातून सिद्ध होणे कठीण. आणि दत्ताजी कोण होता हे त्या उद्गारांवाचून सांगणेही तितकेच कठीण. दप्तर आणि बखर या दोहोंची कामे निराळी आहेत. धावफलक हे क्रिकेटचे दप्तर. कार्डसने लिहिली ती बखर.

तरीही दोहोंत एक फरक राहतो, आणि तो कार्डसच्या विरुद्ध जाणारा आहे. बखरकाराचे नायक बहुधा मृत असतात. कार्डसचे नायक दुसऱ्या दिवशी मैदानावर त्याला भेटत. टिल्ड्सली हा हाडामांसाचा मनुष्य होता, त्याला स्वतःचे बोलणे होते. मँचेस्टरच्या सुशिक्षित घरांतून सकाळच्या चहाबरोबर त्याचे नाव निघे, तेव्हा लोकांना आठवत ते त्याने न उच्चारलेले वाक्य. ज्याच्या हाती लेखणी नाही, त्याच्या वतीने बोलताना लेखकाने किती मोकळीक घ्यावी? गावरान बोलीतील एखादे चटकदार वाक्य सभ्य वाचकाला हसविते. त्या हसण्यात कौतुक किती आणि वरून खाली पाहण्याची सवय किती, हे तपासून पाहणे सोपे नाही. स्वतः कार्डसने आपल्या गल्लीची बोली केव्हाच टाकून दिली होती. ती त्याने खेळाडूंना परत दिली, आणि स्वतःसाठी ग्रंथांची भाषा घेतली.

त्याच्या बाजूनेही तितकेच वजनदार काही सांगता येते. धावा, बळी, जय-पराजय यांना त्याने हात लावला नाही. टिल्ड्सलीने झेल नाकारला ही गोष्ट त्याने रचली नाही, रचले ते त्यावरचे वाक्य. प्रामाणिकपणा खरा होता, त्याला शब्द मात्र उसने मिळाले. आणि ते शब्द मिळाले नसते तर एका कामकरी खेळाडूची ती सचोटी त्याच दिवशीच्या रद्दीत गेली असती. म्हणून न्याय करावयाचा तर असा करावा लागेल: कार्डसने माणसांविषयी खोटे सांगितले नाही, परंतु खरे सांगताना साक्षीदार मात्र स्वतः निर्माण केला. वाचकाने त्याचा आस्वाद घ्यावा, साक्ष काढू नये.

असे तो का करी, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेत सापडते. बापाच्या नावाविना जगात आलेल्या या मुलाने आधी स्वतःलाच रचले होते. जन्माचे वर्ष, घराचा इतिहास, शिक्षणाची हकीकत, या साऱ्यांवर त्याने स्वतःच्या हाताने रंग भरला. रशोमच्या गल्लीतला पोर आणि 'गार्डियन'चा विद्वान समीक्षक यांच्यामध्ये जो पूल आहे, तो सगळा त्याने शब्दांनी बांधलेला आहे. ज्याने स्वतःचे आयुष्य असे पुरे करून घेतले, त्याला इतरांची अर्धवट राहिलेली वाक्ये पुरी करण्याचा मोह आवरला नाही, यात आश्चर्य नाही.

१९२७ साली लँगफर्ड यांच्या निधनानंतर 'मँचेस्टर गार्डियन'चे मुख्य संगीतसमीक्षक हे पद त्याला मिळाले. उन्हाळ्यात क्रिकेट आणि हिवाळ्यात संगीत, असा त्याचा संसार दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत चालला. १९४० साली तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि युद्धाची वर्षे त्याने तेथेच काढली. तेथील नभोवाणीवरून त्याने संगीतावर केलेली भाषणे दूरदूरच्या वस्त्यांतून ऐकली जात. ज्यांनी वाद्यवृंद कधी डोळ्यांनी पाहिला नव्हता, अशा श्रोत्यांपर्यंत त्याचा आवाज पोहोचला. आत्मचरित्रही त्याने तेथेच लिहिले. ते १९४७ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर तो मायदेशी परतला आणि जुन्या पत्रासाठी पुन्हा लिहू लागला. पुढे त्याला 'सर' हा किताब मिळाला, आणि ज्या लँकेशायर क्लबाच्या फाटकात तो लहानपणी पैसे मोजून शिरत असे, त्याच क्लबाच्या अध्यक्षपदी त्याची निवड झाली. २८ फेब्रुवारी १९७५ रोजी लंडन येथे त्याचे निधन झाले.

त्याचे अनुकरण पुष्कळांनी केले, आणि त्यातील बहुतेकांच्या हाती केवळ अलंकार आला. सूर्यास्त, सुरावटी आणि उपमा यांचा वर्षाव म्हणजे कार्डस, असा त्यांचा समज झाला. परंतु त्याचे खरे बळ पाहण्यात होते. मॅक्लॅरन मैदानात कसा पाऊल टाकी, पाऊस थांबल्यावर रॉबिन्सन आभाळाकडे कसा पाही, हे त्याने तासन्‌तास बसून पाहिले होते, आणि जे पाहिले त्यावर त्याचे प्रेम होते. ओल्ड ट्रॅफर्डवर प्रेम नसते तर नुसत्या उपमांनी तो इतका काळ टिकला नसता.

एमट रॉबिन्सनची कारकीर्द आज कोणीही आकड्यांच्या कोष्टकात पाहू शकतो. तेथे धावा आहेत, बळी आहेत, आणि कसोटी सामन्यांच्या रकान्यात काहीच नाही. आपल्याकडील मैदानांवर, कबड्डीच्या व खो-खोच्या पटांगणांवर आणि कुस्तीच्या आखाड्यांतही असे कितीतरी रॉबिन्सन होऊन गेले. त्यांचे गुण कोठे तरी नोंदवहीत मांडलेले असतील. ते चालत कसे, चिडत कशाने, हरल्यावर घरी कसे जात, हे सांगणारा मनुष्य त्यांच्या गावात, त्यांच्याच काळात, हातात लेखणी घेऊन जवळ बसलेला असावा लागतो. मँचेस्टरला तो मिळाला, हे त्या शहराचे भाग्य.